वाचक विचारतात : सराफ्यातला तोळा आणि जकातीचा तोळा

रमजान जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा इंदूरच्या निरनिराळ्या मोहल्ल्यांतून आलेल्या प्रश्नांत एक धागा समान दिसला: जुना नियम आणि नवी परिस्थिती यांची गाठ पडते तेव्हा इस्लामी विचार नेमके काय करतो? प्रश्न मुस्लिम वाचकांचेही आहेत, हिंदू वाचकांचेही. काही जकातीच्या, म्हणजे संपत्तीतून दरवर्षी द्यायच्या धार्मिक दानाच्या, निव्वळ हिशेबाचे आहेत, काही कोर्टाच्या पायरीचे. उत्तरे लांबली तिथे लांबू दिली आहेत.

इस्लाममध्ये 'इज्तिहादचे दार' (ग्रंथांवरून स्वतंत्र विचार करून निर्णय काढण्याची मुभा) हजार वर्षांपूर्वीच बंद झाले, म्हणून आधुनिक प्रश्नांना तिथे उत्तरच नाही, असे एका व्याख्यानात ऐकले. मग विमा, अवयवदान, नेटबँकिंग यांवर फतवे निघतात ते कसे? (निवृत्त प्राध्यापक, राजेंद्रनगर)

'दार बंद झाले' हे वाक्य गेली शंभर वर्षे इतक्या वेळा म्हटले गेले की ते कुणी तपासायच्या भानगडीत पडले नाही. वाएल हल्लाक या अभ्यासकाने 1984 मध्ये जुने ग्रंथ धुंडाळून दाखवले, की असे सर्वमान्य दार कधी बंद झालेच नव्हते. थांबले ते नवा पंथ, म्हणजे नवा मजहब, उभारणे. हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली हे चार सुन्नी मजहब पक्के झाले आणि बहुतेक विद्वान त्या चौकटीत राहून विचार करू लागले. चौकटीतला विचार मात्र चालूच होता. इब्न तैमिया (1263–1328) आणि दिल्लीचे शाह वलीउल्लाह (1703–1762) यांच्यासारखे लोक तर चौकटीलाही धक्के देत होते.

नवा प्रश्न मुफ्तीपुढे, म्हणजे फतवा देणाऱ्या विद्वानापुढे, आला की पहिले काम असते ती वस्तू समजून घेणे. 'हुक्म (धार्मिक निर्णय) हा वस्तूच्या आकलनाची शाखा आहे' असे उसूलचे, म्हणजे निर्णय काढण्याच्या शास्त्राचे, एक जुने वचन आहे. ही पायरी घसरली तर पुढचे सगळे घसरते. लाउडस्पीकर नवा होता तेव्हा त्यावर नमाज पढवावी की नाही, हा वाद भारतीय मुफ्तींमध्ये झाला. तो धर्मग्रंथापेक्षा भौतिकशास्त्रात जास्त अडकला होता. कर्ण्यातून येतो तो इमामाचाच आवाज, की त्याचा प्रतिध्वनी? प्रतिध्वनीमागे नमाज होत नाही. यंत्र कसे चालते हे जाणकारांना विचारल्यावर अनेकांनी आधीचे मत बदलले.

त्यानंतर कुरआन आणि हदीस (पैगंबरांची वचने व आचरण). तिथे थेट वचन नसेल तर आधीच्या विद्वानांचे एकमत, म्हणजे इज्मा. तेही नसेल तर कियास: जुन्या हुक्माचे कारण (इल्लत) शोधायचे आणि नव्या वस्तूत तेच कारण आहे का ते पाहायचे. द्राक्षाची दारू निषिद्ध, कारण नशा. म्हणून ब्राउन शुगरही निषिद्ध, जरी तिचे नाव कुठल्याही जुन्या ग्रंथात नाही. कियासने निकाल अन्यायाचा येत असेल तर इस्तिहसान (अधिक योग्य पर्याय निवडणे), मसलहत (लोकहित), उर्फ (रूढ व्यवहार) आणि जरूरत (निकड) ही साधने हाताशी आहेत. गरज पडली तर दुसऱ्या मजहबचे मतही घेता येते.

या शेवटच्या साधनाने भारतात फार मोठे काम केले आहे. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला तर तो नव्वदीचा होईल इतका काळ जाईपर्यंत बायकोने थांबायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा अडकलेल्या काही स्त्रिया केवळ निकाह मोडावा म्हणून धर्म सोडू लागल्या, पंजाबात विशेषतः. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कडव्या हनफी आलिमांनी (धर्मविद्वानांनी) मदिनेच्या मालिकी मुफ्तींना पत्रे पाठवली आणि त्यांचे मत स्वीकारले: काझीने चार वर्षांची मुदत द्यावी, मग विधवेची इद्दत (पुनर्विवाहापूर्वी थांबण्याचा काळ, चार महिने दहा दिवस) झाली की स्त्री मोकळी. त्यातूनच 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, त्याने दोन वर्षे खावटी न देणे, त्याला सात वर्षांची कैद होणे ही त्यातली कारणे आजही लागू आहेत. परंपरेच्या आत राहून काय होऊ शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला माहीत नाही.

बिघाड दोन ठिकाणी होतो. काही जण ग्रंथातले वचन सापडले की थांबतात, त्याची इल्लत विचारत नाहीत. काही जण उलट सुरुवातच 'लोकहिता'पासून करतात आणि वचनापर्यंत पोचतच नाहीत. शिवाय शरियत आणि फिक्ह एकच समजले जातात. शरियत म्हणजे श्रद्धावानाच्या दृष्टीने ईश्वरी मार्ग. फिक्ह म्हणजे तो समजून घेण्याचा माणसांचा प्रयत्न, आणि माणसे चुकतात हे फिक्हच्या ग्रंथांनीच मान्य केले आहे. फतवा हा त्या प्रयत्नातला एका विद्वानाचा सल्ला आहे, निवाडा नव्हे. भारतात तो कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 7 जुलै 2014 च्या निकालात सांगितले आहे.

सर सय्यद, इकबाल, हमीद दलवाई यांना एकाच ओळीत 'सुधारक' म्हणतात. ते एकच सांगत होते का? (वाचक, लोकमान्यनगर)

नाही. त्यांना एका ओळीत बसवल्याने कुणाचेच नीट समजत नाही.

सर सय्यद अहमद खान (अलीगढचे कॉलेज 1875) यांचा मुद्दा होता की निसर्ग हे ईश्वराचे काम आणि कुरआन ईश्वराचे वचन. काम आणि वचन यांत विरोध असू शकत नाही, दिसलाच तर आपला अर्थ चुकला आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी हीच दिशा व्यवहारात नेली. 1903 च्या त्यांच्या प्रसिद्ध 'ट्रान्सवाल फतव्या'त दक्षिण आफ्रिकेतल्या मुसलमानांना उत्तर आहे: युरोपीय टोपी घातल्याने धर्म जात नाही, ख्रिस्त्यांनी कापलेले मांस चालते, शाफईने हनफी इमामामागे नमाज पढली तरी चालते. आज हे किरकोळ वाटेल. तेव्हा त्यावर कैरोत गदारोळ झाला.

इकबाल पुढे गेले. 1928-29 च्या सुमारास मद्रास, हैदराबाद, अलीगढ इथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी इज्तिहादला इस्लामच्या रचनेतले गतितत्त्व म्हटले, आणि इज्माचा अधिकार निवडून आलेल्या विधिमंडळाकडे जावा असे सुचवले. फजलुर रहमान (1919–1988) यांनी पद्धत दिली, 'दुहेरी हालचाल': आधी वचनाच्या काळात जाऊन ते कुठल्या अडचणीवर आले आणि त्यामागचे नैतिक तत्त्व काय ते शोधायचे, मग ते तत्त्व घेऊन आजच्या परिस्थितीत यायचे. सांगायला सोपे. अडचण पहिल्या हालचालीत आहे, कारण तिला इतिहासाचे भक्कम ज्ञान लागते आणि ते नसले की माणूस आपल्या मनातलेच तत्त्व सातव्या शतकात पेरून परत आणतो.

आसफ अली असगर फैझींनी (1899–1981) कायदा आणि धर्म वेगळे करावेत असे मांडले. असगर अली इंजिनिअर (1939–2013) कुरआनच्या आतूनच स्त्रियांच्या बाजूने युक्तिवाद करत. उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले, म्हणजे माळव्याशी नाते असलेले. दलवाईंची (1932–1977) वाट या सगळ्यांहून वेगळी. त्यांना धर्मग्रंथाचा नवा अर्थ लावण्यात रस नव्हता. नागरिक म्हणून समान कायदा हवा होता. 1966 मध्ये मुंबईच्या विधान भवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी नेला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. दलवाईंना 'इस्लामी विचारवंत' म्हणणे हा त्यांच्यावर आणि इस्लामी विचारवंतांवर, दोघांवरही अन्याय आहे.

माझे माहेर रत्नागिरीचे, लग्नानंतर इंदूरला आले. नोकरी आहे, पीएफ कापला जातो, थोडे सोने, थोडे शेअर, घराचे कर्ज. सासरचे म्हणतात दागिन्यांवर जकात आहे, माहेरी कधी देत नव्हते. हिशेब कसा करू? (वाचक, खजराना)

ताई, दोन्ही घरे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. तिथे स्त्रीच्या नेहमीच्या वापरातल्या माफक दागिन्यांवर जकात नाही. माळव्यातले बहुतेक हनफी. तिथे सोने-चांदी कुठल्याही रूपात असो, जकात आहे. लग्नामुळे मजहब बदलत नाही. तुम्ही शाफई राहू शकता, आणि खबरदारी म्हणून हनफी मताने दिलीत तर तेही चांगलेच. मात्र हिशेब सुरू करण्यापूर्वी एक मत ठरवा. दागिन्यांना शाफई आणि कर्जाच्या वजावटीला हनफी अशी सोयीची सरमिसळ करू नका.

आता निसाब, म्हणजे ज्या मर्यादेपासून जकात लागू होते ती. उर्दू पुस्तकांत 'साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी' असे लिहिलेले असते, आणि नेमकी इथेच दरवर्षी चूक होते. तो तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. सराफ्यात आज तोळा म्हटले की 10 ग्रॅम. जुन्या तोळ्याने निसाब होतो 87.48 ग्रॅम सोने किंवा 612.36 ग्रॅम चांदी. सराफ्याच्या तोळ्याने धरलात तर 75 ग्रॅम आणि 525 ग्रॅम, म्हणजे चुकीचे. अरब देशांतल्या पुस्तकांत 85 आणि 595 ग्रॅम दिसेल, कारण ते दिनार-दिरहमचे वजन थोडे वेगळे धरतात. जवळ फक्त सोनेच असेल तर सोन्याचा निसाब. सोन्यासोबत रोख, चांदी, शेअर असे मिश्रण असेल तर हनफी मुफ्ती सगळ्याची किंमत काढून ती चांदीच्या निसाबाशी ताडतात.

एक तारीख निवडा, चांद्र महिन्यातली. पुष्कळ जण 1 रमजान धरतात, पण खरी तारीख ती, ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा निसाबाच्या वर गेलात. इंग्रजी तारखेने हिशेब ठेवत असाल तर दर 2.5 टक्के नाही, 2.577 टक्के येतो, कारण चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते. अकरा दिवसांचा हा फरक धरला नाही तर साधारण तेहतीस वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात बुडते.

हिशेब असा. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, त्या दिवशीचा भाव सराफ्यातून घ्या. 40 ग्रॅम सोने, 9,000 रुपये भावाने 3,60,000. बँकेत 1,50,000. खरेदी-विक्रीसाठी घेतलेले शेअर, बाजारभावाने 60,000. मैत्रिणीला उसने दिलेले, परत येण्याची खात्री असलेले 20,000. बेरीज 5,90,000. त्यातून देय झालेला कर्जाचा हप्ता 25,000 आणि शाळेची थकलेली फी 15,000 वजा. उरले 5,50,000, त्याचे अडीच टक्के 13,750 रुपये. शाफई मताने सोने बाजूला जाईल, पण त्या मजहबच्या प्रचलित मतात कर्जही वजा होत नाही. म्हणून 2,30,000 वर 5,750.

दागिन्याची किंमत धरताना मजुरी धरू नका, खडे काढून निव्वळ सोन्याची धरा. 22 कॅरेटला 22 चाच भाव लावा. वीस वर्षांचे गृहकर्ज एका दमात वजा करणे ही दुसरी मोठी चूक. तसे केले तर पगारदार माणसावर जकात कधीच येणार नाही. देय झालेला हप्ता, फार तर पुढच्या वर्षभराची मुद्दल, यापलीकडे आजचे मुफ्ती जात नाहीत. शेअर लांब मुदतीसाठी, लाभांशासाठी घेतले असतील तर पूर्ण बाजारभाव नको. कंपनीच्या ताळेबंदात रोकड, येणी आणि विक्रीचा माल जेवढा असेल त्यातला तुमचा वाटा. पगारातून सक्तीने कापला जाणारा पीएफ हातात येईपर्यंत त्यावर जकात नाही, असे भारतातल्या बऱ्याच हनफी मुफ्तींचे मत आहे. स्वतःहून जास्त कापून घेतलेल्या रकमेला ही सवलत ते देत नाहीत. राहते घर, स्कूटर, फ्रिज यांवर काही नाही.

बचत खात्यावरचे व्याज हिशेबात घेऊ नका आणि जकात म्हणूनही देऊ नका. ते पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला द्यायचे. जकात आई-वडील, आजी-आजोबा, मुले-नातवंडे आणि पती यांना चालत नाही (पतीच्या बाबतीत शाफई मत सैल आहे). गरजू बहीण-भावाला चालते, उलट ती अधिक बरी. मशिदीच्या बांधकामाला हनफी मताने चालत नाही, कारण जकात कुणातरी गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते.

शाहबानो आमच्याच शहरातल्या. चाळीस वर्षे झाली तरी त्या निकालाबद्दल लोक भांडतात. कुरआन काय म्हणते, कायदा आज काय आहे, आणि मुलीचा निकाह ठरवताना आधीच काही करता येते का? (आई, आझादनगर)

आधी घटना, कारण भांडणारे त्या विसरतात. 1932 मध्ये लग्न, पाच मुले, 1975 मध्ये घराबाहेर. पती वकील. एप्रिल 1978 मध्ये शाहबानोंनी इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली महिना 500 रुपये खावटी मागितली. 6 नोव्हेंबरला पतीने तलाक दिला आणि मेहरचे (निकाहच्या वेळी ठरलेल्या, पत्नीला द्यायच्या रकमेचे) 3,000 रुपये जमा करून जबाबदारी संपली असे म्हटले. ऑगस्ट 1979 मध्ये न्यायालयाने महिना 25 रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने ते 1 जुलै 1980 रोजी 179 रुपये 20 पैसे केले. याविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 23 एप्रिल 1985 ला हरले. ज्या रकमेवर देश दुभंगला ती 179 रुपये 20 पैसे होती, हे लक्षात ठेवावे.

कुरआनात (2:241) तलाक दिलेल्या स्त्रियांसाठी 'मताअ बिल-मारूफ', म्हणजे रीतीप्रमाणे योग्य तरतूद, हे सत्शील लोकांवर कर्तव्य म्हटले आहे. बहुतेक जुन्या फुकहांनी (फिक्हच्या विद्वानांनी) याचा अर्थ एकदाच द्यायची भेट असा केला आणि खावटी इद्दतीपुरती, म्हणजे सुमारे तीन महिने, धरली. न्यायालयाने त्याच आयतीचा अर्थ व्यापक घेतला. आलिमांचा आक्षेप दोन पातळ्यांवर होता: अर्थ चुकला हा एक, आणि अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयाला कुणी दिला हा दुसरा. जोर दुसऱ्यावर होता.

मग तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांबाबतचा 1986 चा कायदा आला. त्याने न्यायालयाचा निकाल पुसला असे सगळीकडे म्हणतात, पण कलम 3 मध्ये एक शब्द बसला होता. पतीने 'इद्दतीच्या काळात' वाजवी व न्याय्य तरतूद आणि खावटी द्यावी, असे ते कलम म्हणते. शाहबानोंचेच वकील डॅनियल लतीफी यांनी त्या कायद्याला आव्हान दिले, आणि 28 सप्टेंबर 2001 ला घटनापीठाने सांगितले की 'इद्दतीच्या काळात' ही देण्याची मुदत आहे, तरतुदीची नव्हे. तीन महिन्यांत द्यायचे, पण पुढच्या सगळ्या आयुष्याचा विचार करून द्यायचे. इतक्या बारीक अक्षरवाचनाने एवढा मोठा फरक पडला, आणि कायदा रद्दही करावा लागला नाही. 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की तलाक झालेली मुस्लिम स्त्री कलम 125 खालीही मागू शकते. 1 जुलै 2024 पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे.

अर्ज कुटुंब न्यायालयात, स्त्री सध्या राहते त्या गावीही करता येतो. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि दोघांच्या उत्पन्नाचा जो मिळेल तो पुरावा जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावेच लागते, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. तेव्हा 'समेट होईल' म्हणून अर्ज लांबवू नका. अंतरिम खावटी त्याच वेळी मागा. सर्वांत जास्त नुकसान थकबाकीत होते: हप्ता थकला की एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दिला नाही तर या कलमाखाली त्या हप्त्याचे वॉरंट मिळत नाही.

एका दमातल्या तीन तलाकबद्दल थोडक्यात. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तो तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा केला. तीनला एकच मोजणे ही बाहेरून आणलेली कल्पना नव्हती. इब्न तैमियांचे मत तेच, भारतातल्या अहले हदीस पंथाचेही तेच, आणि इजिप्तने 1929 मध्येच तो कायदा केला होता.

आता मुलीच्या निकाहनाम्याबद्दल. तलाक-ए-तफवीज नावाची सोय हनफी फिक्हमध्ये जुनी आहे: नवरा आपला तलाकचा अधिकार अटींसह पत्नीला सोपवतो. भारतीय न्यायालयांनीही तो ग्राह्य धरला आहे. पण मजकूर नीट लिहावा लागतो, नाहीतर तो कागद निरुपयोगी. 'तुला तलाकचा अधिकार दिला' एवढेच लिहिले तर हनफी नियमाने तो अधिकार त्या बैठकीपुरता, मजलिस उठली की संपला. 'जेव्हा कधी' हे शब्द हवेतच. निकाहच्या आधी सही घेतली तर 'माझा अमुकीशी निकाह झाल्यास' असा उल्लेख हवा, नाहीतर जो अधिकार अजून नवऱ्याकडेच नाही तो तो सोपवणार कसा? आणि कारणे मोघम नकोत: सलग इतके महिने खर्च न देणे, मारहाण, पहिलीच्या संमतीशिवाय दुसरा निकाह. सोबत मेहर किती, त्यातली लगेच द्यायची (मुअज्जल) किती आणि नंतरची (मुवज्जल) किती, ते आकड्यात लिहून घ्या. उर्दूत दोन्ही शब्द ऐकायला जवळपास सारखे आहेत, म्हणून मराठीत किंवा हिंदीत 'तात्काळ' आणि 'नंतर' असे लिहिलेले बरे. मेहर रुपयांऐवजी सोन्याच्या ग्रॅममध्ये ठरवली तर तीस वर्षांनी तिचे 3,000 रुपये होत नाहीत.

अमावास्या कधी हे पंचांगात शंभर वर्षे आधी छापता येते. मग ईदचा चांद आदल्या रात्रीपर्यंत का ठरत नाही? (वाचक, सुदामानगर)

कारण अमावास्येचा क्षण आणि कोर दिसण्याचा क्षण वेगळे. चंद्र सूर्यापासून साधारण 7 अंश दूर जाईपर्यंत कोर तयारच होत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना बहुधा 10 अंशांच्या वर लागते. चंद्र दिवसाला सुमारे 12 अंश सरकतो, तेव्हा पंधरा-वीस तास जावे लागतात. तोवर इंदुरात सूर्यास्त होऊन गेला असेल तर चांद उद्या. ईद पावसाळ्यात आली की ढगही आडवे येतात.

हदीस म्हणते, चांद पाहून रोजे धरा, पाहून सोडा. ढग आले तर तीस पूर्ण करा. दुसऱ्या हदीसमध्ये आहे, 'आपण निरक्षर समाज आहोत, लिहीत नाही, हिशेब करत नाही.' इजिप्तचे हदीसतज्ज्ञ अहमद शाकिर यांनी 1939 मध्ये युक्तिवाद केला की पाहण्याच्या अटीची इल्लत निरक्षरता होती; समाज गणित शिकला, इल्लत गेली, अट गेली. पहिल्या उत्तरातला कियास इथे उलट्या दिशेने चालतो. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने 2006 मध्ये गणित स्वीकारले, तुर्कस्तान आधीपासून त्याच वाटेवर. भारतातले आलिम म्हणतात, इबादतीत (उपासनेत) कारण शोधून अट काढता येत नाही. आम्हांला मधला मार्ग पटतो, आणि तोही जुना आहे: चौदाव्या शतकातले शाफई विद्वान तकीउद्दीन सुबकी म्हणत, गणिताने चांद दिसणे अशक्य असेल तर 'मी पाहिला' ही साक्ष फेटाळावी. एवढे केले तरी अर्धे गोंधळ मिटतील. हनफी नियम तसा सावधच आहे: आकाश ढगाळ असेल तर रमजानसाठी एक विश्वासू साक्षीदार पुरतो, ईदसाठी दोन लागतात; निरभ्र असेल तर एक-दोघांचे चालत नाही, पुष्कळ लोकांना दिसायला हवा.

वडील 68 वर्षांचे, शुगरसाठी इन्सुलिन घेतात, रोजा सोडायला तयार नाहीत. सुई टोचली की रोजा तुटतो म्हणून शुगरही तपासत नाहीत. (वाचक, चंदननगर)

दुसरी गोष्ट आज बंद करा. बोटाला सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि बहुसंख्य आजच्या मुफ्तींच्या मते इन्सुलिनच्या इंजेक्शननेही नाही, कारण ते पोटात जाणाऱ्या नैसर्गिक मार्गाने जात नाही आणि अन्नही नाही. (दम्याच्या पंपावर मात्र मतभेद आहेत, भारतातले बहुतेक हनफी मुफ्ती रोजा तुटतो म्हणतात, अरब देशांतले अनेक तुटत नाही म्हणतात.)

आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेच्या रमजान-मार्गदर्शनातले आकडे फ्रिजवर चिकटवा: शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, की त्याच क्षणी रोजा सोडायचा. मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजेला) दहा मिनिटे उरली आहेत म्हणून थांबायचे नाही. सर्वांत जास्त घोटाळा त्या शेवटच्या तासात होतो. डॉक्टरांना रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटा, म्हणजे डोस बदलून पाहायला वेळ मिळतो. वडिलांनी स्वतः डोस अर्धा करणे किंवा सेहरी (पहाटेचे जेवण) चुकवणे, दोन्ही धोक्याचे. डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर तो सल्ला शरियतला मान्य असलेली सबब आहे. कुरआनात रोज्याच्याच आयतीत (2:185) म्हटले आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपे हवे, अवघड नको. बरे होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे फिदया: एका गरिबाला दोन वेळचे जेवण, किंवा हनफी मापाने 1.633 किलो गहू वा त्याची किंमत.

मोबाईलवरच्या चॅटबॉटला मसला (धार्मिक नियमाचा प्रश्न) विचारला तर चालते का? (विद्यार्थिनी, खजराना)

शब्दार्थ, आयतीचा क्रमांक, मजहबांची तोंडओळख यासाठी वापरा, आणि मिळालेला प्रत्येक क्रमांक मूळ ग्रंथात उघडून पाहा, कारण ही यंत्रे हदीसचे नसलेले संदर्भही ठामपणे देतात. तलाक, वारसा आणि कसम या तीन विषयांत अजिबात नको. तिथे मुफ्ती आधी उलट विचारतो: नेमके कोणते शब्द उच्चारले, कोणत्या भाषेत, रागात की शांतपणे, कितव्यांदा, वारस कोण कोण हयात आहेत. यातले एक उत्तर बदलले की निकाल बदलतो. मुफ्तींकडे जाल तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्या, आपला मजहब त्यावर लिहा, आणि उत्तर तारीख व सहीसह लेखी मागा.